ढब्बूची भुवई

आई : आधीच्या सिस्टर पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, ‘तुमच्या बाळाच्या खोडी माझ्या डोक्यात आहेत, कागदावर नाहीत. लिहून ठेवा.’ मी हसून म्हटलं, तुम्ही आहात की.

सिस्टर : आणि त्यांना दुसऱ्या वॉर्डात टाकलं.

आई : सोमवारी. त्यानंतरच्या तुम्ही पाचव्या.

सिस्टर : ताई, मी आजच इकडे आलेय. सहा बाळं आहेत, दर दोन तासांनी प्रत्येकाचं दूध. चार्ट बघितलाय मी. वाटी-चमच्यानं वीस मिली, पूर्ण घेतलं. छान आहे की.

आई : काल दुपारी निळी पडली, ते आहे त्यात?

सिस्टर : आहे. ‘पाजताना श्वास थांबला, पाठ चोळल्यावर आला.’

आई : का थांबला, ते नाही ना? ती तीन घोट घेते आणि चौथ्याला श्वास घ्यायचंच विसरते. त्याआधी डावी भुवई वर जाते. तेवढ्यात चमचा बाजूला केला की झालं. त्या सिस्टर म्हणायच्या, ‘ढब्बूबाईंचा हुकूम आला, थांबा आता.’

सिस्टर : ढब्बू? दीड किलोची?

आई : त्यांनीच ठेवलं नाव. काल भुवई वर गेलेली मला काचेबाहेरून दिसली. ओरडले मी. आत कुणाला ऐकूच गेलं नाही.

सिस्टर : तुम्ही बाहेर का होतात?

आई : सर्दी झालीये. शिंकले आणि दारातच अडवलं. बरोबरच आहे त्यांचं. अजून चार दिवस आत सोडणार नाहीत.

सिस्टर : मी लक्ष ठेवीन हो.

आई : तुम्ही दोन वाजेपर्यंत ठेवाल. मग? उद्या?

सिस्टर : उद्या मला कुठं पाठवतील, मलाच ठाऊक नाही.

आई : मोठ्या सिस्टरांना म्हटलं, एकीलाच ठेवा ना तिच्याजवळ. म्हणाल्या, माणसंच नाहीत, आणू कुठून.

सिस्टर : खोटं नाही ते.

आई : मग चार्टात तरी लिहा.

सिस्टर : लिहिते. पण त्यात किती आणि कधी, एवढेच रकाने. भुवई शेऱ्यात जाईल, आणि शेरे वाचायला कुणाला सवड आहे? तो हातातला, लिहून आणलेला कागद द्या. तिच्या काचेच्या पेटीवर चिकटवते. आधी वाचून दाखवा, अक्षर डॉक्टरांसारखं दिसतंय.

आई : ‘तीन घोट झाले की थांबा. डावी भुवई वर गेली तर चमचा काढा. ती रडत नाही, म्हणून कळत नाही.’

सिस्टर : आणि खाली काय? पुसट झालंय.

आई : ‘हे जे कोणी वाचत असाल, तुमचं नाव मला माहीत नाही. तुमची ड्युटी नसली तरी, वाचून झालं की एकदा तिच्याकडे बघा.’