समुद्र नसलेल्या गावातला सीगल

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या ग्रामपरिषदेच्या प्रमुख माननीय श्रीमती ऑड्री प्रीस. आजचे सत्कारमूर्ती श्री. लिओनर्ड ग्विलियम आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या बेरिलकाकू. वाद्यसंग्रहालयातर्फे खास उत्तरेकडून आलेले श्री. लॉकवुड; 'पेल अ‍ॅबट' या बँडचे गिटारवादक श्री. कॉलिन यॅप, ज्यांनी व्यासपीठ नाकारून केकच्या टेबलाजवळची खुर्ची पसंत केली आहे; आणि लिटल डनफर्डच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी हेझल प्रॉसर. पोस्टमन रॉन प्रॉसर यांची मुलगी. आजचं भाषण खरं तर कॉलिनकाकांनी करायचं होतं. पण समितीला त्यांचे १९७२ सालचे गिटारचे सोलो आठवत होते. हॉल आपल्याला सहा वाजेपर्यंतच मिळालाय.

"सोलो लहानच होते!"

ऐकलंत? मागच्यांना ऐकू आलं नसेल, कॉलिनकाका म्हणाले की सोलो लहानच होते. नोंद घेतली.

आपल्या सत्कारमूर्तींचा, लेनकाकांचा, आज निरोप आहे तो कशाचा? गावातून ते कुठे जात नाहीत. बेरिलकाकू आज सकाळीच म्हणाल्या, "जाईल कुठं? त्याचे मोजे कुठं असतात हेसुद्धा त्याला माहीत नाही." निरोप आहे तो वाजवण्याला. डॉक्टरांनी बोटांकडे पाहून जे सांगायचं ते सांगितलं, आणि लेनकाकांनी 'बरं' म्हटलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या एका 'बरं'मध्ये किती काय असतं हे मी आज सांगत बसणार नाही. केक कापायचाय.

पण माणसानं केलं काय, हे तर सांगायला हवं ना? कॉलिनकाकांच्या त्याच बँडमध्ये असताना लेनकाका पाच की-बोर्डांच्या मधोमध उभे राहत. अंगात आईनं विणलेलं स्वेटर, कारण हॉल थंड असत. मग त्यांनी एकट्याच्या नावावर रेकॉर्ड काढली. एका बाजूला एकच गाणं, दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचा उरलेला भाग. विषय होता चंद्राचं वय. ती खपली. लोक अंधारात गालिच्यावर आडवे पडून ती ऐकत, असं मला सांगण्यात आलंय. या हॉलमधले कोण कोण आडवे पडले होते, ते विचारत नाही. ऑड्रीबाई, तुम्ही खाली बघू नका.

दुसरी रेकॉर्ड कालव्यांच्या दारांवर होती. तिच्यात शब्दच नव्हते, फक्त पाणी चढायचं आणि उतरायचं. मग खाणकामगारांच्या ब्रास बँडबरोबर एक काढली. त्या मंडळींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "गाणं सुरू कधी होतं?" लेनकाका म्हणाले, "झालंय." मग एका फिनलंडच्या बासरीवाल्याबरोबर. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि लेनकाकांना फिनिश. दोघं पंधरा दिवस एका घरात राहिले, आणि बेरिलकाकूंच्या मते त्या घरातला तो सर्वांत बोलका काळ होता. आणि कॉलिनकाकांबरोबरची ती शेवटची जोडरेकॉर्ड. तेव्हा दोघांचं बोलणं बंद होतं. एक जण आपला भाग वाजवून टेप पोस्टानं पाठवी, दुसरा त्यावर आपला भाग चढवून परत पाठवी. ती पाकिटं माझे वडील पोचवत. बाबा म्हणायचे, "एवढं भांडण सायकलवरून मी एकट्यानं वाहिलंय."

आता येते ती रेकॉर्ड, जिच्यामुळे हे भाषण माझ्याकडे आलं. १९८०ची. त्या सुमारास देशातल्या सगळ्या तरुणांनी केस कापले होते आणि गाणी तीन मिनिटांची झाली होती. अशा वेळी लेनकाकांनी सफरचंदांच्या बागांवर दोन बाजू भरून संगीत केलं. ते कुणी मागितलं नव्हतं. 'ऑर्चर्ड' असं सरळ नाव दिलं.

त्यासाठी त्यांना एका बाईचा आवाज हवा होता. गाण्यासाठी नव्हे, कपाटात ठेवण्यासाठी. कपाट म्हणजे ते तुमच्यासमोर आहे ते, टेपचं वाद्य. बेरिलकाकू त्याला कपाटच म्हणतात. प्रत्येक पट्टीखाली एक टेप. पट्टी दाबली की टेप सरकते आणि तिच्यावर भरलेला सूर वाजतो. बासरी भरा, बासरी वाजेल. माणूस भरा, माणूस. पण टेप जेमतेम आठ सेकंदांची. मग ती संपते आणि स्प्रिंग तिला खाडकन मागे ओढते. म्हणून हे वाजवणाऱ्याचं सगळं कसब एकाच गोष्टीत: टेप संपायच्या आधी बोट उचलायचं, तेही असं की ऐकणाऱ्याला वाटावं, सूर स्वतःहून थांबला. लेनकाकांचं बोट उभ्या आयुष्यात एकदाही चुकलं नाही. कॉलिनकाकासुद्धा हे मान्य करतात.

"करतो! पण मोठ्यांदा नाही!"

आभारी आहे.

तर बाईचा आवाज. लंडनच्या गायिका ऐकून लेनकाका परत आले. म्हणाले, "सगळ्या छान गातात. मला छान नकोय." रविवारी चर्चमध्ये ते मागच्या बाकावर बसले होते आणि गायकवृंदात दुसऱ्या ओळीत माझी आई होती. मरियन प्रॉसर. ती गाताना खिडकीबाहेर बघायची. प्रार्थना संपल्यावर लेनकाकांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "पण मला म्हणायचंय काय?"

"आ."

"आणि?"

"बस, आ."

"मग जमेल," आई म्हणाली.

चर्चच्या मागच्या खोलीत एका दुपारी तिनं खालपासून वरपर्यंत, एकेका सुरात, 'आ' म्हटलं. तेच कपाटात गेलं. रेकॉर्ड निघाली आणि फारशी खपली नाही. पण एका संगीत मासिकात परीक्षण आलं. दुसऱ्या बाजूला, बाईच्या एका लांब सुरामागे, अगदी पुसट, एक किंकाळी ऐकू येते. परीक्षकानं लिहिलं की ती यंत्रयुगात हरवलेल्या मानवाची आर्त हाक आहे. चाहत्यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते तो सीगल होता, समुद्रावरचा पक्षी. या मुद्द्यावर त्यांच्यात फूट पडली. ओसाकाहून दोन गृहस्थ इथं येऊन गेले, तुम्हाला आठवत असेल. त्यांनी लेनकाकांना फाटकात गाठून विचारलं, "तो सीगल आहे ना?" लेनकाका म्हणाले, "हो." समुद्र इथून कुठल्याही बाजूनं गाडीनं दोन तास. पण दोघं समाधानानं वाकले आणि निघून गेले.

मी चार वर्षांची असताना आई गेली. तिचा चेहरा फोटोंमुळे माझ्याकडे आहे. आवाज नाही. तेव्हा पोस्टमनच्या घरात कोण कुणाचा आवाज रेकॉर्ड करणार?

त्यानंतर दर रविवारी जेवण झालं की बाबा मला हाताला धरून लेनकाकांच्या गॅरेजमध्ये न्यायचे. तिथं मला एक पट्टी दाबायला मिळायची. एका वेळी एकच, कारण वाजवलं की टेप झिजते. "झिजते म्हणजे काय होतं?" मी विचारलं होतं. लेनकाका म्हणाले, "थोडी थोडी कमी होत जाते बाळा." मग मी कधी दुसरी पट्टी मागितली नाही. मी दाबायची, आई 'आ' म्हणायची, आणि लेनकाका पुटपुटायचे, "उचल." मी उचलायची. बाबा दाराशी टोपी हातात घेऊन उभे असायचे. मग आम्ही तिघं चहा प्यायचो आणि त्याबद्दल बोलायचो नाही.

वेळेआधी बोट उचलायची सवय मला तिथून लागली. ती नंतर वाद्यापुरती राहिली नाही. माझं पहिलं लग्न त्याच सवयीनं मोडलं, असं माझे दुसरे यजमान म्हणतात. ते मागे ताटल्या पुसत उभे आहेत.

गेल्या मंगळवारी मी कपाट बांधायला मदत करायला गेले होते. उद्या सकाळी श्री. लॉकवुड ते घेऊन जाणार आहेत. ते काचेमागे राहील, वाजवलं जाणार नाही, हे योग्यच आहे. बेरिलकाकू घोंगड्यांच्या घड्या घालत होत्या. एकदम म्हणाल्या, "लेन, तू पोरीला सांगणार आहेस की मी सांगू?"

"काय सांगायचंय?" लेनकाका.

"त्या सीगलच्या पट्टीबद्दल."

"मला आठवत नाही."

"पन्नास वर्षं माझा वाढदिवस आठवला नाही तो माणूस वेगळा. हे तुला आठवतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या टेपच्या टोकाला तुझी आई बोललीय गं. सूर संपल्यावर. यानं पुसलं नाही आणि कधी वाजवलंही नाही. हा आधीच बोट उचलतो."

मी लेनकाकांकडे पाहिलं. ते स्क्रू शोधत होते. तो त्यांच्या हातातच होता.

"टेप जुनी झालीय," ते म्हणाले. "टोकाचा भाग कधी सरकलाच नाही. ओढली तर वरचा थर झडेल. मग काहीच राहणार नाही. न वाजवता निदान ती तिथं आहे."

"पण काका, कुणासाठी आहे?"

बेरिलकाकू म्हणाल्या, "आता बरोबर प्रश्न आला."

मी श्री. लॉकवुडना फोन केला. ते अतिशय सभ्यपणे म्हणाले की प्रयोगशाळेत अशी टेप जपून उतरवता येते, फक्त तिथं तीन वर्षांची रांग आहे. मी म्हटलं, लेनकाका चौऱ्याऐंशीचे आहेत. ते म्हणाले, याची त्यांना कल्पना आहे. मग म्हणाले, "आम्ही घेऊन जाईपर्यंत ते वाद्य संग्रहालयाचं नाही." साहेब, हे इथं सांगायचं नव्हतं का? माफ करा. सांगून झालं.

लेनकाकांनी काल रात्रीपर्यंत हो म्हटलं नव्हतं. आज दुपारी हॉलमध्ये आले, कपाटाचं झाकण उघडलं, आणि मला म्हणाले, "भाषण लांबवू नकोस. बोटं गार पडतात."

तेव्हा आता मी थांबते. एक विनंती. तो चहाचा बंब कुणीतरी बंद करा, फार गुणगुणतो. श्री. लॉकवुडनी आपला रेकॉर्डर आणलाय, तो ते सुरू करतील. कॉलिनकाका, केक खाली ठेवा.

लेनकाका, यावेळी मी 'उचल' म्हणणार नाही. तुम्हीही उचलू नका.

…

…

धन्यवाद.

बसा, सगळे बसा. उभं राहायची गरज नव्हती.

झाकणावर जी तपकिरी भुकटी पडलीय ती कृपया कुणी पुसू नये. आणि लेनकाका, पट्टी पुन्हा दाबून बघू नका. उरलं असेल तर असेल. बेरिलकाकू, त्यांना रुमाल द्या. तो नको, तो केकचा आहे.

श्री. लॉकवुड मला काहीतरी खुणा करताहेत. काय? … बटण दाबायला विसरले. असू द्या साहेब. आम्ही सगळे उठून उभे राहिलो, तुम्ही बटण विसरलात. मनावर घेऊ नका.

तर आता ते या हॉलपुरतंच आहे. म्हणून मागच्या रांगेतल्यांसाठी, ज्यांना नीट ऐकू आलं नसेल, मी सांगते. आधी तो सूर होता. त्याच्यामागे ती किंकाळी, जिच्यावरून ओसाकाची मंडळी आली होती. मग सूर संपला. मग माझी आई म्हणाली:

"झालं का रे लेन? सोड आता. हेझल बाबागाडीत केव्हाची ओरडतेय." आणि मग, जरा लांब जात, "आले गं बाई, आले."

एवढंच.

ऑड्रीबाई, मी आवरतेच. हॉल दिल्याबद्दल ग्रामपरिषदेचे, केकबद्दल महिला मंडळाचे, घाट चढून जड कपाट आणल्याबद्दल क्रिकेट क्लबचे मनापासून आभार. श्री. लॉकवुड यांचे आभार. उद्या ते नेताना वळणांवर सावकाश. बाबा, तुमचे आभार, इतके रविवार. बेरिलकाकू, तुम्ही मंगळवारी तोंड उघडलंत म्हणून. आणि लेनकाका, तुमच्याबद्दल काय बोलू? चव्वेचाळीस वर्षं तुम्ही बोट वेळेत उचललंत म्हणून आज काही उरलं होतं, आणि आज उचललं नाहीत म्हणून ते मला मिळालं. दोन्हीबद्दल आभार मानायचे तर वेगळी सभा घ्यावी लागेल.

बंब पुन्हा सुरू करा. चहा होईल.

बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागेल असं काही बोललं गेलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि त्या रेकॉर्डमध्ये मध्येच ओरडल्याबद्दल मी सर्व चाहत्यांची, विशेषतः ओसाकाच्या त्या दोन गृहस्थांची, मनापासून क्षमा मागते.