देवाच्या मापाच्या पायऱ्या

आमच्या पुसेगावच्या मामांनी घर बांधलं ना, ते चक्क ग्रीसच्या देवळासारखं. मोबाईलवर त्यांना एक फोटो दिसला होता, समोर जाडजूड खांबांची रांग अन् खाली तीन भल्यामोठ्या पायऱ्या. तो मिस्त्रीला दाखवून म्हणाले, "बराबर असंच पाहिजे." मिस्त्रीनं बराबर तसंच केलं. एकेक पायरी गुडघ्याच्या वर!

पहिले पाहुणे आले ते मामांच्या पल्लवीला बघायला. बाकीचे एकमेकांना ओढत चढले, पण मुलाची आत्या अंगानं भारी. ती दुसऱ्या पायरीवर पोचली अन् अडकली. वर जाता येईना, खाली उतरता येईना. शेवटी तिथंच बसली.

"काहून हो भाऊ, एवढ्या उंच पायऱ्या?"

मुलगा शाळेत इतिहास शिकवतो. तो म्हणाला, "आत्या, ग्रीसमध्ये या पायऱ्या देवाच्या मापाच्या असायच्या. माणसांना चढायला मधे लहान पायऱ्या ठेवायचे."

मामा पडल्या चेहऱ्यानं म्हणाले, "त्या फोटोत दिसल्या न्हाईत."

स्थळ चांगलं होतं, ते हातचं जातंय असंच आम्हाला वाटलं. तेवढ्यात पल्लवी चहाचा ट्रे घेऊन खांबांमधून बाहेर आली. आत्या खाली बसलेली बघून तिनं पदर खोचला अन् ट्रेसकट थेट तिच्यासमोर उडी मारली. एक थेंब सांडला नाही!

आत्यानं शांतपणे चहा संपवला अन् म्हणाली, "पोरगी पसंत हाये आमाला. आता मला खाली उतरवा, मंग तारीख काढू."