लेकीच्या गोळ्या

दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर एक टेलरमास्तर आणि त्यांचं जुनं गिऱ्हाईक बसलं होतं. दोघंही सत्तरीचे.

“मास्तर, पुन्हा मशीनवर बसलात म्हणे?”

“बसलो बाबा. पायाखाली पॅडल आहे हे कळतंय आता. मध्ये नुसतं कापसावर पाय ठेवल्यासारखं व्हायचं.”

“मला वाटलं, वय झालं.”

“मलाही तेच वाटलं. पण इथली डॉक्टरीण खमकी. म्हणाली, घरात जे जे पोटात घालता ते सगळं पिशवीत भरून आणा. त्यात लेकीने पाठवलेल्या झिंकच्या गोळ्या निघाल्या.”

“त्या तर ताकदीच्या ना?”

“एक घेतली तर! मी रोज चार घ्यायचो, वर्षभर. झिंक फार झालं की खाण्यातलं तांबं अंगी लागत नाही म्हणे, आणि तांबं कमी पडलं की पाय बधिर होतात.”

“अहो, पण चार कशाला?”

“लेक लांब. गोळी घेतली की तिने विचारपूस केल्यासारखं वाटायचं.”

“डॉक्टरीणबाईंचे उपकारच म्हणायचे.”

“म्हणून तर पाय चालायला लागल्यावर पहिला त्यांचाच पांढरा कोट शिवला.”

“आणि लेकीला काय सांगितलंत?”

“तुझ्या गोळ्यांनीच पाय सुधारले म्हणालो.”

“अरे देवा! मग?”

“तिने आणखी सहा बाटल्या पाठवल्या.”

“आता त्यांचं काय करणार?”

“मशीनसमोरच्या फळीवर मांडल्यात. सुईत दोरा ओवताना रोज एकदा बघतो त्यांच्याकडे. तेवढाच डोस पुरतो.”