चाळीस बाटल्या, चाळीस वड्या

(लेबनॉनच्या डोंगरातलं एक गाव. कोठारातलं अरक नावाची दारू गाळायचं तांब्याचं भांडं कोपऱ्यात सरकवलंय आणि त्याच्या जागी लेकीचं बियरचं पिंप बसलंय. बापाच्या डोळ्यांत ते सकाळपासून खुपतंय.)

रूला : बाबा, बाटली माझ्याकडे द्यायच्या आधी साखरेची वडी टाकताय ना? एका बाटलीत एकच.

अबू शिबली : टाकतोय गं. किती वेळा सांगशील?

रूला : पहिल्यांदाच भरतेय, धाकधूक होते. साखर नसली तर फेसच येत नाही. नुसतं जवाचं कडू पाणी.

अबू शिबली : अरकात साखर घालणाऱ्याला हे गाव दारात उभं करत नाही. द्राक्षं आणि बडीशेप, बस्स.

रूला : अरक वेगळा, बियर वेगळी. आणि तो कोट काढा की, केवढं उकडतंय!

अबू शिबली : राहू दे कोट. गावच्या संताच्या, मार इलियासच्या सणाला पहिला प्याला तीस वर्षं माझ्या अरकाचा असतो. काल पाद्रीबाबा भेटले, तर म्हणे, 'रूलाची बियर कुठवर आली?' मी मेलो की जगलो, ते नाही विचारलं!

रूला : जळताय तुम्ही.

अबू शिबली : जळतोय! मग? तुझा मामा, तो हन्ना न्हावी, ज्याच्या त्याच्या तोंडी तूच. मी त्या भांड्यापुढे जन्मभर भाजून निघालो, आणि बाईसाहेब मोबाइलवर बघून महिन्याभरात उस्ताद!

रूला : द्या ती शेवटची. हं... बसलं झाकण. चाळीस झाल्या! आता या चिठ्ठ्या चिकटवा.

अबू शिबली : काय लिहिलंयस?

रूला : वाचा की. चष्मा कपाळावर आहे.

अबू शिबली : 'अबू शिबलीच्या लेकीची बियर.' ...तुझं नाव कुठाय?

रूला : मला कोण ओळखतं? तुमचं नाव बघून तरी लोक हात लावतील. आणि पाद्रीबाबांना सांगून आलेय, पहिला प्याला अरकाचाच. माझी बियर त्यानंतर.

अबू शिबली : (चिठ्ठ्या खाली ठेवून फळीवर काहीतरी शोधू लागतो.)

रूला : काय झालं?

अबू शिबली : झाकणं काढायची ती चावी कुठंय?

रूला : आत्ता कशाला? दोन आठवडे हात लावायचा नाही.

अबू शिबली : लावावा लागेल, पोरी. वड्या माझ्या कोटाच्या खिशात आहेत.

रूला : किती बाटल्यांच्या?

अबू शिबली : सगळ्यांच्या.