शिंगाचा व्रण

जळगावच्या दवाखान्यात एडनला नोकरीसाठी जाणाऱ्यांची तपासणी होती. रांगेत माझ्यापुढे पहूरचे दोघे भाऊ होते. बोटीनं जायचं होतं ते धाकट्याला.

"निंबा, कंपाउंडरनं कागदावर काय लिहिलं रे?"

"ओळखीची खूण. कपाळावर बैलाच्या शिंगाचा व्रण."

"शिंगाचा? अरे, विळा माझ्या हातून लागला होता!"

"तुम्हाला मार बसू नये म्हणून आईलाही मी बैलाचंच नाव सांगितलं होतं, भाऊ."

"आणि ऐन पोळ्याला बिचाऱ्या ढवळ्याला पुरणपोळी मिळाली नाही."

"तुम्ही तुमची नेऊन चारली की त्याला, गोठ्यात. मी पाहिलं होतं."

"...जा, आता तरी खरं लिहून घे."

"राहू द्या, भाऊ. तेवढाच ढवळ्या येईल सोबत."