काकूंची कडू उसळ

बिअरचा विषय निघालाच आहे तर आमच्या सुधीरचं ऐका. नव्वदच्या दशकात अबुधाबीला तो घरी गुपचूप पेल एल नावाची बिअर करायचा, तीही थेट जवापासून. जव भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचा. कडवटपणासाठी हॉप्सची सुकी फुलं लंडनच्या मेव्हण्याकडून यायची. एका खेपेला आलेल्या दोन जाती हुंगून हुंगून त्यानं संत्र्याच्या वासाची निवडली, चुरडून ओट्यावर वाटीत ठेवली आणि ऑफिसला गेला.

पुण्याहून आलेल्या त्याच्या आईनं, म्हणजे काकूंनी, ते मोड बघितले. रात्री मी जेवायला गेलो, तर पानात उसळ!

"वाटीतली कसूरी मेथीपण घातलीय हं," काकू म्हणाल्या.

पहिल्याच घासाला आमची तोंडं वाकडी झाली. मग काकूंनी चाखली.

"सुधीर, कडू झालीय का रे?"

आईला बिअरचं सांगणार कसं? म्हणाला, "नाही गं, मस्त झालीय."

काकूंनी ताट बाजूला सारलं. "माझ्या हाताची चवच गेली रे."

पुण्याला परत गेल्यावर त्यांनी स्वयंपाक सुनेवर सोपवला, तो कायमचाच.

आता काकू नाहीत. सुधीरला कुणी पेल एल दिली, की एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवतो.

"बस, खलास यार. आईच्या हाताची चव गेली नव्हती रे."