साहेबांसाठी सजवलेली शाळा

मंडळी, ऐका! आज प्रश्न एकच. दारात देणारा उभा असताना आपलं फाटकं झाकावं, की दाखवावं? — मागनं कुणीतरी म्हणालं, झाकावं! बरं. मग ऐकाच.

एक गाव होतं. नाव नाही सांगत — तिथल्याही कीर्तनाची सुपारी यायचीय मला! गावात जिल्हा परिषदेची शाळा. छत असं, की जरा वारा सुटला तरी पोरांच्या डोक्यात पोपडे! म्हणून दोन वर्ग ओसरीवर, एकमेकांकडे पाठ करून बसायचे. सरपंच निवृत्ती थोरात. माणूस भला, पण मानी! त्याची नात तिसरीत, त्याच ओसरीवर.

अशात निरोप आला. जिल्हा परिषद यंदाच्या अर्थसंकल्पात शाळाखोल्यांना पैसा ठेवणार, पण थोडा. मागणारी गावं ढीगभर! तेव्हा जिल्ह्याचे साहेब स्वतः पाहणी करणार. ज्याची शाळा जास्त पडकी, त्याचं काम आधी. निवृत्तीला कोण आनंद! आणि आनंदात त्यानं काय केलं असेल? — अहो, पाहुणा येणार म्हटल्यावर आपण करतो तेच!

भिंतींना रंग. दारात रांगोळी. मंगल कार्यालयातनं खुर्च्या. आणि छताखाली लग्नाच्या मांडवाचं झालरीचं कापड ताणून बांधलं! मुख्याध्यापिका खैरनारबाई कळवळून म्हणाल्या, "सरपंच, छत दिसू द्या की हो! तेच बघायला येतायत ते."

"बाई, साहेबांच्या डोक्यात पोपडा पडला म्हणजे? गावाची अब्रू जायची! झाकली मूठ सव्वा लाखाची. छताचं मी जेवताना हळूच कानावर घालतो."

साहेब आले. फेटा झाला, नारळ झाला, श्रीखंड-पुरी झाली. निवृत्ती कानाशी वाकला — तोच साहेब म्हणाले, "सरपंच, अशी देखणी शाळा तालुक्यात नाही!" मग काय विचारता! छाती अशी फुगली, की सांगायचं ते राहूनच गेलं. हसू नका, तुमचीही फुगली असती!

अर्थसंकल्प मंजूर झाला, कामांची यादी लागली. शेजारच्या गावाला दोन खोल्या. तिथं तर कुणी झाडूसुद्धा मारला नव्हता! निवृत्ती तणतणत जिल्ह्याला गेला. "साहेब, हा अन्याय आहे! आमचं छत कधी खाली येईल नेम नाही!"

साहेब बुचकळ्यात पडले. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी पाहिलं ते लिहिलं, इमारत उत्तम. आता पुढच्या वर्षी बघू."

निवृत्ती गावात आला. ओसरीवरनं नात धावत आली. "आबा, आमची खोली कधी होणार?" मंडळी, साहेबापुढं तोंड चाललं, पण त्या पोरीपुढं? लाज वाटली हो त्याला. शेवटी खाली बसून म्हणाला, "बाळ, आबा चुकला."

साहेबालाही मी सोडत नाही — कापडाच्या वर डोकवायला काय झालं होतं? पण झाकलं कुणी? आपणच ना! अब्रू मोठ्यांची, आणि छताखाली डोकी लेकरांची!

आता तुमच्याकडे येतो. सोमवारी पाहणी तुमच्याही शाळेची आहे म्हणे. येताना पाहिलं मी, दारात रंगाचे डबे उतरलेत! सरपंच, पुढच्या रांगेत बसलात, खाली काय बघता? ते डबे उद्या दुकानात परत नेणार का? — मला नका सांगू. मागं वळा, लेकरं बसलीत, त्यांना सांगा!